चवथ ते दिवाळी वजन कसं सांभाळायचं? मदत हवी आहे

सुरंगी:

नमस्कार. गेली कित्येक वर्षं इथलं नुसतं वाचत आले, लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. चवथ (गणेश चतुर्थी) दोन आठवड्यांवर आली आणि मला खरंच भीती वाटते आहे.

वय ४४, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६७ किलो. राहायला पर्वरीला, नोकरी पणजीत, दिवसभर खुर्चीवर. जुलैत रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही पण उंबरठ्यावर आहात. गोळी आत्ता नको, चार-पाच किलो वजन उतरवा, दिवाळी झाली की पुन्हा तपासू. माझ्या वडिलांना पन्नाशीच्या आतच मधुमेह झाला होता. शेवटची काही वर्षं आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला मी घेऊन जात असे. त्यामुळे हा उंबरठा ओलांडला की पुढे काय असतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

सासरचं मूळ घर डिचोली तालुक्यात. गणपती पाच दिवसांचा. दीर-जावा, मुलं, मुंबईहून येणारे असे सगळे मिळून बावीस-चोवीस जण जमतो. तयेच्या (हरतालिकेच्या) दिवशी हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, चवथीला नेवऱ्या (करंज्या), मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ), खतखतें (मिसळीची भाजी), वडे, मणगणं (चणाडाळीची खीर), खीर. यातलं काहीही मला नकोसं नाही, उलट वर्षभर मी त्याची वाट पाहते. संध्याकाळी घुमट (मातीचं वाद्य) घेऊन वाड्यावरच्या प्रत्येक घरी आरती, आणि प्रत्येक घरी चहा, लाडू, चिवडा. नको म्हटलं तर त्या घरच्या माणसांचा चेहरा पडतो.

आणि आमच्या सासूबाई. ७४ वर्षांच्या आहेत, अजून स्वतः नेवऱ्या लाटतात. पानात वाढायला आल्या की म्हणतात, "घे गो बाय, वर्साची चवथ." नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. निघताना डबे भरून देतात ते वेगळंच. मग दसरा, मग दिवाळीचे पाच तऱ्हेचे फोव (पोहे), तुळशीचं लग्न, जत्रा, शेजारच्यांकडून नाताळची दोदोल. चार वर्षांपूर्वी मी ६१ किलो होते. दर वर्षी या दिवसांत दीड-दोन किलो चढतं आणि त्यातलं थोडंच उतरतं.

गेल्या वर्षी पैसे भरून ऑनलाइन डाएट घेतलं होतं. त्यात भात बंद, नारळ बंद, सणाला फक्त सॅलड. तीन दिवस पाळलं, चौथ्या दिवशी रात्री एकटीनं उभ्या उभ्या सात नेवऱ्या खाल्ल्या आणि नंतर रडले. असं काही पुन्हा करायचं नाही. सण सोडायचा नाही, सासूबाईंना दुखवायचं नाही आणि नोव्हेंबरात ६.२ च्या वर जायचं नाही, हे तिन्ही जमू शकतं का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

डिचोलीकर:

ताई, तुम्ही एकट्या नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जी मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त आपल्या गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. देशाचं ११.४ आहे. माझ्या घरात तिघांना आहे.

एक विचारतो. त्या पाच दिवसांत तुम्ही नक्की किती खाता आणि परत पर्वरीला आल्यावर किती, हे कधी लिहून पाहिलंय?

सुरंगी:

लिहून नाही पाहिलं, पण तुम्ही विचारल्यावर आठवायला बसले. गेल्या वर्षी डबा आला त्यात साठेक नेवऱ्या होत्या, शिवाय लाडू. नवऱ्याला गोड फारसं आवडत नाही, मुलगा हॉस्टेलवर. ऑफिसातून आले की चहाबरोबर रोज दोन-तीन, तीन आठवडे. म्हणजे बहुतेक सगळ्या मीच खाल्ल्या. हे लिहिताना माझ्याच लक्षात येतंय की चवथीच्या दिवशी माझ्या पानात चारच होत्या.

पथ्यपाणी:

मी आहारतज्ज्ञ आहे, मडगावात काम करते. सुरंगी, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हीच वर लिहिलंत. वजन पानातल्या चार नेवऱ्यांनी नाही, डब्यातल्या साठेक नेवऱ्यांनी वाढतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं.

आधी लक्ष्य. आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा २८ येतो. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, ती मोजून ठेवा. अमेरिकेत उंबरठ्यावरच्याच लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २००२ साली आले. वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ६७ चे सात टक्के म्हणजे ४.७ किलो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा हाच आहे. मात्र तो सणात गाठायचा नाही. चवथ ते तुळशीचं लग्न या काळात वजन वाढू दिलं नाही तरी खूप झालं, उतरवायचं काम त्यानंतरचं.

चवथीनंतर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभ्या राहू नका. पिठूळ आणि गोड जास्त खाल्लं की त्यातली काही साखर शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकतं. मीठही पाणी धरून ठेवतं. रातोरात दीड किलो चढलं असं दिसलं तर त्यात चरबी थोडीच असते. बायका तो आकडा बघतात, आता सगळं गेलंच म्हणतात आणि डबा उघडतात. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करा आणि लिहून ठेवा.

आता पानाचं बघू. श्रावणात आपण मासे सोडतो. एरवी आपल्या जेवणातली प्रथिनं बांगडा, तारले यांतून येतात. ती गेली की पानात भात, नारळ आणि बटाटा उरतो आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आजपासूनच आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग, हरभरे यांचं रोज एक वाटीभर तोणाक (नारळाच्या वाटणाची उसळ) ठेवा. चवथीच्या स्वयंपाकात तर हे आयतंच असतं. खतखतें आणि मुगागाठी पोटभर खा, अर्धं पान त्यांनीच भरा, मगच भाताला जागा करा. माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांतली) तवशी, म्हणजे काकड्या, विसर्जनानंतर घरात पडून असतात, त्यांची कोशिंबीर करा. नारळाला शत्रू समजू नका, पण शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात हे लक्षात ठेवून रसाची दुसरी वाटी टाळा. गुळाचं केलंय म्हणून चालतं, असं मानू नका. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ आणि साखर जवळजवळ सारखीच.

आणि चहा. पाच घरी आरती, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर पन्नास ग्रॅमच्या आत, जमल्यास पंचवीसच्या आत ठेवा म्हणते. तुमची तेवढी नुसत्या चहात जाते, प्रसाद अजून बाकीच आहे. पहिल्या घरी चहा घ्या, पुढच्या घरी पाणी मागा. पाणी मागितलं म्हणून कुणाला वाईट वाटत नाही. प्रसाद मात्र प्रत्येक घरचा घ्या, चिमूटभर.

वाचणाऱ्या इतरांसाठी: ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तयेचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

अळूवडी:

मी हल्ली नेवऱ्या तळत नाही, ओव्हनमध्ये भाजते. छान होतात. तेल वाचतं.

पथ्यपाणी:

वाचतं हे खरं. सारण मात्र तेच असतं, आणि भाजलेली आहे म्हणून दोनऐवजी पाच खाल्ल्या तर वाचलेलं तेल हिशेबात राहत नाही. मी सुरंगीला घरची तळलेलीच खा म्हणेन, पण बसून, सावकाश. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात.

कुळागर:

बाय, मी काणकोणची. वय ६८, मला दोन सुना आहेत, म्हणून पलीकडच्या बाजूनं लिहिते.

तू सासूला आकडा सांगितलायस का? तू लिहिलंस त्यावरून वाटतं, नाही सांगितलास. मग तिला कसं कळणार? आमच्या पिढीला वाढणं एवढंच येतं. माझ्या थोरल्या सुनेला साखर निघाली, तिनं वर्षभर माझ्यापासून लपवलं आणि मी तिला आग्रह करून करून खाऊ घालत राहिले. कळलं तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून विसरले नाही. मी तिला म्हटलं, तू मला वैरीण केलंस गो. तेव्हा सणाच्या आधी एका रविवारी गावी जा, माणसं जमायच्या आधी. कागद दाखव. तुझ्या वडिलांचं तिला ठाऊक असेलच, ते आठवू दे. नंतर पंगतीत चारचौघांसमोर नको म्हणून सांगितलंस तर तिला अपमान वाटेल, ते करू नकोस.

दुसरं विचारते. तुमच्याकडे बायका जेवतात कधी? आमच्याकडे आधी पुरुष, मग मुलं, आणि आम्ही तीन वाजता. सकाळपासून नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही नाही, नंतर वाढता वाढता चालता-बोलता एक वडा, एक नेवरी, आणि तीनला बसलो की जे मिळेल ते, पोट फुटेस्तोवर. तुला भूक आवरत नाही असं तू समजतेस. बाय, नऊ तास उपाशी असलेल्या बाईनं भूक आवरायची तरी कशी? मी आमच्या घरात सात वर्षांपूर्वी हे बदललं. नैवेद्य झाला की सगळे एकदम बसतात, ताटं मांडून, भांडी मध्ये ठेवून, ज्याला हवं ते तो घेतो. देव रागावला नाही.

सुरंगी:

कुळागरकाकी, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले. आमच्याकडेही तीन वाजतातच. आणि सासूबाईंना मी खरंच काही सांगितलेलं नाही. या रविवारी जाते. सगळ्यांचे मनापासून आभार, विसर्जन झालं की लिहीन.

सुरंगी (विसर्जनानंतर तीन आठवड्यांनी):

उशिरा लिहिते आहे, कारण डब्याचे तीन आठवडे कसे जातात ते बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

त्या रविवारी रिपोर्ट घेऊन गेले. सासूबाई उंबऱ्यावर बसून नारळ खोवत होत्या. कागद त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, हात थांबला फक्त. मग विचारलं, "तुज्या बापायक जालें तेंच?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा सरळ नेवऱ्या किती करायच्या याबद्दल बोलू लागल्या. दर वर्षी तीनशे होतात, या वर्षी दीडशे केल्या. आणि पंगतीचं मी भीत भीत काढलं तर त्याच म्हणाल्या की माझेही गुडघे आता तीनपर्यंत उभे राहत नाहीत. धाकट्या दिराला थोडं विचित्र वाटलं, पण चवथीला दीड वाजता आम्ही सगळे एकदम जेवलो. लग्नाला वीस वर्षं झाली, खतखतें गरम असताना चवथीला मी पहिल्यांदाच जेवले.

पानात दोन नेवऱ्या घेतल्या, त्याही सावकाश खाल्ल्या. सासूबाई वाढायला आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि मुगागाठी वाढून पुढे गेल्या. मला तिथेच भरून आलं.

सगळंच जमलं असं नाही. आरतीच्या घरांपैकी पहिल्या दिवशी तीन ठिकाणी चहा घेतला, पाणी मागायला सुचलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून जमलं. पाचव्या दिवशी विसर्जनाहून आल्यावर रात्री चार लाडू खाल्ले, पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पेज आणि तोणाक खाल्लं, पुढचे चार दिवस त्यावरून स्वतःला छळत बसले नाही. माझ्यासाठी हे मोठं आहे.

डबा आला. बारा नेवऱ्यांचा, साठचा नाही. त्यातल्या आठ मी त्याच सोमवारी ऑफिसात नेल्या, अकरा वाजेपर्यंत संपल्या. चारच्या चहाबरोबर आता भाजलेले हरभरे ठेवते. संध्याकाळी पर्वरीत अर्धा तास चालते, पाऊस असला तर बिल्डिंगच्या जिन्यात.

वजन गावी जाण्याआधी ६६.८, विसर्जनानंतरच्या सोमवारी ६७.९ आणि आज ६६.५. पथ्यपाणी, तुम्ही पाण्याचं सांगितलं नसतंत तर त्या ६७.९ ला मी नक्की हार मानली असती.

आता दिवाळीचा प्रश्न. नरकचतुर्दशीला सकाळी कारीट फोडून झालं की आमच्याकडे रोसाचे (नारळाच्या रसातले), दुधाचे, ताकाचे, गोडाचे आणि तिखट असे पाच फोव होतात, आणि नऊपर्यंत तीन घरी जायचं असतं. सगळीकडे तेच. ताकाचे आणि तिखट फोव जास्त घ्यावे आणि रोसाचे एकाच घरी, असं मनात आहे. वाटाण्याची उसळ बरोबर असतेच. हे बरोबर आहे का, की अजून काही बघायला हवं? तपासणी तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात आहे, आकडा आला की इथेच टाकते.