छोट्या अंगणासाठी कोणतं लॉन मोवर घ्यावं?

प्रश्न: हिरवळ साधारण १५० चौरस मीटर, जमीन सपाट, मध्ये दोन झाडं. हाताने ढकलायचं रीलवालं (ढकलताना गोल फिरणाऱ्या पात्यांचं) पुरेल की बॅटरीवालं घ्यावं?

उत्तर १: दर आठवड्याला कापणार असाल तर रील उत्तम, कात्रीसारखं स्वच्छ कापतं. गवत १० सेंटिमीटरच्या वर गेलं की मात्र नुसतं आडवं पडतं. बारीक काटकीनेही रील अडतं.

उत्तर २: आठवडा चुकणार असेल तर बॅटरीवालंच घ्या. ३५-४० सेंटिमीटर रुंदीचं झाडांभोवती सहज वळतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची कापू नका, मुळं कमजोर होतात.

उत्तर ३: आणि धार! बोथट पातं गवत फाडतं, शेंडे पांढुरके पडतात. बॅटरी काढूनच पातं खोला. धार लावल्यावर मधल्या भोकातून ते खिळ्यावर आडवं लटकवा. जी बाजू खाली झुकेल ती अजून घासा. नाहीतर मशीन थरथरतं नि बेअरिंग जातं.