तीन टिंबांत काय काय राहतं

काही जण म्हणतात की ओव्यांचं शब्दांकन हाताशी असलं की ध्वनिफीत ऐकायची गरज नाही. मला हे अजिबात पटत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, बऱ्याच 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर आहेत. जरूर ऐका. कागदावर ओवी दोन ओळींत संपते. ऐकताना चाल कळते, त्या गावची बोली कळते, एकीने उचललेली ओळ दुसरी कशी धरते तेही कळतं.

माझ्या आजीची एक ओवी मी फोनवर घेतली होती. मध्येच ती थांबते, पदर सरकल्याचा बारीक आवाज येतो, मग गेलेल्या भावाचं नाव घेते. उतरवून काढताना तिथे मी नुसती तीन टिंबं दिली होती.