मॉडेमवरून पेजरला कॉल अलर्ट जातो, पण नंबर अर्धाच येतो

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. घरच्या लँडलाईनला व्हॉइस मॉडेम लावलाय, त्यावर आन्सरिंग मशीनचं सॉफ्टवेअर चालू असतं. कामाच्या जागी मोबाईल आत नेता येत नाही, पेजर चालतो, आणि आईला फक्त हाच एक नंबर पाठ आहे, त्यामुळे तिचा फोन येऊन गेला की मला पेजरवर कळायलाच हवं. सॉफ्टवेअरमध्ये पेजरची जी ओळ भरायची असते त्यात मी पेजरचा नंबर, मग चार कॉमा, मग फोन करणाऱ्याचा नंबर आणि शेवटी # असं टाकलंय. कधी सगळे आकडे नीट येतात, कधी नुसते शेवटचे चारपाच, कधी पेजर वाजतच नाही. लॉगमध्ये मात्र दरवेळी 'नो कॅरियर'. पेजर साधा आहे, फक्त आकडे दाखवणारा. चार दिवस झटतोय, कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

सिरीयल_पोर्ट
'नो कॅरियर'चं टेन्शन घेऊ नका, तो बिघाड नाहीये. डायल झालं की मॉडेम पलीकडच्या मॉडेमच्या सुरांची वाट बघत बसतो, पलीकडे आहे पेजरवाल्यांचं मशीन, ते कुठून देणार, मग एस७ (किती वेळ वाट बघायची ते ठरवणारं मॉडेमचं सेटिंग) मधली मुदत संपली की नो कॅरियर. ओळीच्या अगदी शेवटी सेमीकोलन टाका, म्हणजे आकडे पाठवून झाले की मॉडेम ओके म्हणतो आणि पुढची कमांड घ्यायला मोकळा होतो.

खरं दुखणं कॉमाचं आहे. एक कॉमा म्हणजे २ सेकंद थांबणं, एस८ ला (कॉमा किती सेकंदांचा ते ठरवणारं सेटिंग) हात लावला नसेल तर, म्हणजे तुमचे चार मिळून ८ सेकंद. आणि हे ८ सेकंद पलीकडे फोन उचलल्यापासून मोजत नाहीत हो, पेजरच्या नंबरचा शेवटचा आकडा डायल झाल्यापासून मोजतात! ज्या दिवशी कॉल लागायला उशीर झाला त्या दिवशी सुरुवातीचे आकडे कुणी उचलायच्या आधीच निघून जातात आणि पेजरवर नुसतं शेपूट येतं. साध्या फोनवरून पेजरला पाचसहा वेळा कॉल लावा, घड्याळ समोर ठेवा, शेवटचं बटण दाबल्यापासून बीप होईपर्यंत किती सेकंद गेले ते लिहून काढा. सरासरी काढू नका, सगळ्यात जास्त आलेला आकडा घ्या आणि त्यात २ मिळवा, कॉमा मिळून तेवढे सेकंद भरायला हवेत.

अजून एक, # नंतर आणि सेमीकोलनच्या आधी एकदोन कॉमा ठेवा. ओके मिळाल्या मिळाल्या सॉफ्टवेअर पोर्ट बंद करतं, डीटीआर (कॉम्प्युटर तयार आहे हे मॉडेमला सांगणारा सिग्नल) पडतो, लाईन तुटते, आणि मशीनला मेसेज नीट घ्यायलाही वेळ मिळत नाही.

लाईनवाला
एवढं मोजत बसण्यापेक्षा कॉमाच्या जागी @ टाका की, मॉडेम रिंग ऐकतो आणि पलीकडे ५ सेकंद शांतता झाली की पुढचे आकडे आपोआप सोडतो.

सिरीयल_पोर्ट
@ मी वापरून बघितलंय आणि सोडलंय. मशीन बीपनंतर ५ सेकंद गप्प राहिलं तर ठीक, पण मध्येच पुन्हा बोलायला लागलं तर ती शांतता मॉडेमला मिळतच नाही आणि तो 'नो आन्सर' देऊन फोन ठेवतो. आईच्या फोनसाठी मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

जुनं_सर्किट
वरचं सगळं बरोबर आहे, पण पेजर कधीकधी वाजतच नाही त्याचं कारण वेगळं वाटतंय. तुमची लाईन एकच आहे ना? कॉलर आयडी, म्हणजे फोन करणाऱ्याचा नंबर, साधारणपणे पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये येतो, आणि नंबर हातात पडला की लगेच पेजर लावायचा असं सेटिंग असेल तर गडबड होते, कारण फोन अजून वाजतोय, मॉडेमने लाईन उचलली की पेजरला कॉल जात नाही, आलेला कॉलच उचलला जातो, आणि आईच्या कानात टूंटूं. तेव्हा आधी रिंग थांबू दे. शेवटची 'रिंग' येऊन १० सेकंद गेले की कॉल संपला असं धरायचं आणि मग डायल करायचं. आईने मेसेज ठेवला तर रेकॉर्डिंग संपून लाईन मोकळी झाल्यावर.

आणि मॉडेमचं एक्स४ सेटिंग (डायल टोन ऐकू आला तरच डायल करणारं) राहू द्या, एक्स३ करू नका. घरात कुणी दुसऱ्या फोनवर बोलत असेल तर एक्स४ ला डायल टोन मिळत नाही, तो 'नो डायलटोन' म्हणून थांबतो. एक्स३ टोनची वाटच बघत नाही, चालू बोलण्यात सरळ आकडे घुसवतो. 'नो डायलटोन' आलं तर दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, हे सॉफ्टवेअरमध्ये ठेवा.

रात्रपाळी
दोघांचे मनापासून आभार! काल रात्री मोजलं, ९ पासून १५ सेकंदांपर्यंत काहीही येतं, म्हणजे माझे ८ कधीच पुरेसे नव्हते, जे पोचत होतं तेच नवल. आता एस८ ला ६ दिलेत, नंबरनंतर तीन कॉमा, # नंतर एक, मग सेमीकोलन. अलर्ट रिंग थांबल्यावर. काल अकरा वेळा टेस्ट केली, अकराही पूर्ण आले. आज सकाळी मात्र पुन्हा शेपूट! आणि एका कॉलला नंबरच नव्हता, पेजरवर काहीच दिसलं नाही.

सिरीयल_पोर्ट
रात्रीत मॉडेम बंद झाला होता का? किंवा सॉफ्टवेअर सुरू होताना एटीझेड (मॉडेम रीसेट करणारी कमांड) पाठवत असेल, त्याने एस८ परत २ वर जातो. इनिशियलायझेशनच्या (सुरुवातीला मॉडेमला पाठवायच्या कमांडच्या) ओळीत एटीझेडच्या पुढची कमांड म्हणून एस८=६ टाका, नाहीतर &डब्ल्यू कमांडने मॉडेममध्येच सेव्ह करा.

नंबर नसलेल्या कॉलचं असं की ज्याने नंबर लपवलाय त्याच्यासाठी मॉडेम आकड्यांऐवजी 'पी' देतो, नंबर मिळालाच नाही तर 'ओ', आणि सॉफ्टवेअर तिथे रिकामी जागा पाठवतं. त्या दोन्हींसाठी ठरलेले आकडे लावा, ००० आणि १११ वगैरे, म्हणजे निदान कुणाचातरी फोन आला होता एवढं कळेल.

रात्रपाळी
एटीझेडच होतं! आत्ता सेव्ह केलं, मॉडेम बंद करून पुन्हा चालू केला, आईला फोन लावायला सांगितलं, पूर्ण नंबर आला.