मदत हवी आहे: ब्रॉन्किओलायटिससाठी दाखल केलेल्या बाळाचे नेब्युलायझेशन बंद केले, फक्त ऑक्सिजन चालू आहे. हे पुरेसे आहे का?

अस्वस्थ_पालक
आमच्या बाळाला काल रात्री ब्रॉन्किओलायटिसमुळे, म्हणजे छातीतल्या बारीक श्वासनलिका सुजल्यामुळे, दाखल केले. आल्याबरोबर नेब्युलायझरने औषध दिले, पण आज सकाळी तेही बंद झाले. आता नाकाशी ऑक्सिजन आणि पोटापर्यंतच्या नळीतून दूध एवढेच चालू आहे. अँटिबायोटिक नाही, एक्स-रे नाही. विचारले तर ‘थांबावे लागेल’ म्हणतात. बाळाची धाप कालच्यापेक्षा वाढली आहे आणि उपचार मात्र कमी होत आहेत, हे आम्हाला समजत नाही. दुसऱ्या रुग्णालयात हलवावे का? घरी कधी सोडतील? कृपया लवकर सांगा.

बालरोग_निवासी
बाळाचे वय किती आहे, ते पूर्ण दिवसांचे आहे का, सर्दी कधी सुरू झाली, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) किती आहे आणि हृदयाचा काही जन्मजात दोष आहे का, हे कळल्याशिवाय हलवण्याविषयी काहीही सांगणे योग्य होणार नाही.

पानगळ
आमच्या मुलीला याच आजारात नेब्युलायझरनेच आराम पडला होता. तुम्ही आग्रह धरा आणि ते पुन्हा सुरू करून घ्या. पालकांनी जोर लावल्याशिवाय कोणी लक्ष देत नाही, असा माझा अनुभव आहे.

बालरोग_निवासी
पानगळ, तुमच्या मुलीला बरे वाटले याचा आनंदच आहे, पण हा आग्रह मी धरू देणार नाही. दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि नेब्युलायझरमधून सहसा देतात ते साल्ब्युटामॉल हे औषध ते सैल करते. ब्रॉन्किओलायटिसमध्ये मात्र विषाणूमुळे, बहुधा आरएसव्हीमुळे, अगदी बारीक श्वासनलिकांचे अस्तर सुजते आणि त्यांत चिकट स्राव व गळालेल्या पेशी साचतात. तिथे हे औषध फारसे उपयोगी पडत नाही, उलट ठोके वाढतात आणि बाळ किरकिरे होते. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत साल्ब्युटामॉल, स्टेरॉइड आणि नेहमीचा एक्स-रे या तिन्हींची शिफारस नाही, आणि जिवाणुसंसर्गाची खूण नसेल तर अँटिबायोटिकचीही नाही.

पानगळ
मग आमच्या मुलीला त्या वाफेनंतर तासाभरात झोप कशी लागली? सगळी बाळे मार्गदर्शक सूचना वाचून आजारी पडत नाहीत.

किनारा_७
माझ्या मते थेट हाय फ्लो ऑक्सिजन (नाकातून जास्त वेगाने सोडलेला कोमट, ओलसर ऑक्सिजन) असलेल्या ठिकाणीच हलवावे, साध्या ऑक्सिजनवर वेळ घालवू नये.

बालरोग_निवासी
हाय फ्लोविषयी 2018 मध्ये 1,472 बाळांवरील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. साध्या ऑक्सिजनवर असलेल्या 23 टक्के बाळांना उपचार वाढवावे लागले, हाय फ्लोवर असलेल्यांत 12 टक्के. परंतु रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही, आणि साध्या ऑक्सिजनवर न भागलेल्या 167 बाळांपैकी 102 बाळांना नंतर हाय फ्लो सुरू केल्यावर प्रतिसाद मिळाला. म्हणजे गरज पडेल तेव्हा ते हाताशी असावे. पहिल्याच दिवशी त्यासाठी धापणारे बाळ प्रवासात घालणे मला धोक्याचे वाटते.

तिसरा_प्रहर
जन्मल्यावर लगेच निर्सेव्हिमॅब नावाचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते आणि गर्भवतीसाठी 2023 पासून आरएसव्हीची लसही मंजूर झाली आहे. पुढच्या बाळाच्या वेळी विचारून ठेवा.

किनारा_७
आत्ताच्या बाळाविषयी प्रश्न आहे, पुढच्या बाळाविषयी नाही. आरएसव्हीने 2019 मध्ये जगभरात पाच वर्षांखालील एक लाखाहून अधिक मुले दगावली असा अंदाज आहे, म्हणूनच मी घाई करायला सांगतो आहे.

बालरोग_निवासी
अंदाज बरोबर आहे, पण त्यांपैकी 97 टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत आणि बरेचसे रुग्णालयाबाहेरचे आहेत. वेळेवर ऑक्सिजन, पोटात दूध आणि सतत लक्ष मिळाले तर बहुतांश बाळे बरी होतात. ‘फक्त ऑक्सिजन’ हा येथे मुख्य उपचारच आहे.

अस्वस्थ_पालक
वय अडीच महिने, जन्म तेहतिसाव्या आठवड्यातला. सर्दी परवा सुरू झाली. ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 93. हृदयाचे काही नाही. पहाटे एकदा छाती हलायची थांबली, ओठ करडे दिसले, पाठीवर हात ठेवताच श्वास सुरू झाला. हे सिस्टरना सांगण्याइतके महत्त्वाचे आहे का?

बालरोग_निवासी
हो, आणि हे वाचून पूर्ण करण्याआधी सांगा. अपुऱ्या दिवसांच्या, तीन महिन्यांखालील बाळात श्वास मध्येच थांबणे हेच या आजाराचे सर्वांत गंभीर लक्षण असते आणि त्यावरून अतिदक्षता विभागाचा निर्णय बदलू शकतो. शिवाय त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचतो, त्यामुळे आजची वाढलेली धाप नेब्युलायझर बंद केल्यामुळे असेल असे नाही.

पानगळ
नेब्युलायझरबद्दल माझे मत तेच आहे, पण श्वास थांबला असेल तर निवासींचे ऐका.

अस्वस्थ_पालक
सांगितले. डॉक्टर लगेच आले, मॉनिटर लावला आणि अतिदक्षता विभागाशी बोलणे चालू आहे; विभाग याच इमारतीत आहे, त्यामुळे दुसरीकडे हलवत नाही. घरी सोडण्याचे मात्र कोणी बोलत नाही.

बालरोग_निवासी
त्याला आत्ता तारीख देता येणार नाही. ब्रिटनच्या निकषांनुसार बाळ तोंडाने पुरेसे दूध घेऊ लागले आणि ऑक्सिजनशिवाय चार तास, त्यांत थोडी झोप धरून, त्याच्या वयाच्या बाळासाठी सॅच्युरेशन नव्वदच्या वर राहिले की सोडण्याचा विचार होतो. श्वास थांबलेल्या बाळाला त्याहून अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवतात. खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, त्यामुळे तो थांबण्याची वाट पाहून मुक्काम वाढवत नाहीत. अतिदक्षता विभागातून काय ठरले ते इथे लिहा.