मदत हवी आहे: निर्वासितांच्या गोष्टी ऐकताना काय सांभाळायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण निर्वासित आणि आश्रय मागणाऱ्या लोकांसोबत गोष्टी सांगायच्या बैठका घेतो, २० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो तेव्हा त्यातल्या काही गोष्टी लोकांसमोर मांडायच्यात. पण मागच्या वेळी एक ताई मधेच थांबल्या. घर सोडतानाचं सांगत होत्या, दोरीवर वाळत घातलेले मुलाचे मोजे तसेच राहिले, एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत, उलगडत बसल्या. मग हळूच विचारलं, "हे मी आश्रयाच्या मुलाखतीत सांगितलं नव्हतं, आता सांगितलं तर चालेल का?"

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात निर्वासित ठरायला छळाची रास्त भीती ही अट आहे, आणि कागद नसले की पुरावा म्हणजे बऱ्याचदा माणसाची स्वतःची गोष्टच, तीही तारीखवार हवी. एवढं सोसलेल्याला सगळं क्रमाने कसं आठवणार हो! आमच्याकडे सांगितलेलं आणि आश्रयासाठी दिलेल्या जबाबातलं जुळलं नाही तर केसला धक्का बसू शकतो, मागे राहिलेल्या नातेवाइकांना धोका तो वेगळाच.

कुणी असं काम केलंय का? नाव, आवाज बदलूनही माणूस ओळखू येतो, तिथे काय करता? संमती एकदाच घेता की दर वेळी, आणि नंतर कुणी नको म्हटलं तर रेकॉर्डिंगचं काय? दुभाषा त्यांच्यातलाच बरा की बाहेरचा? आणि त्यांना फक्त पळून आल्याचंच सांगायला लावू नये असं मला मनापासून वाटतं, मग पहिला प्रश्न कोणता विचारायचा?