सॅडलखाली पिकअप बसवला, दुसरी-तिसरी तार ॲम्पमध्ये गायब (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागला राहतो, गिटार हौसेपुरतीच, पण यंदा कॉलनीच्या गणपतीत आमचा दीड तासाचा कार्यक्रम ठरलाय आणि दरवर्षी माईकसमोर गिटार धरून धरून मान अवघडते म्हणून म्हटलं या वेळी सॅडलखालचा (तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीखालचा) पिकअप बसवूनच टाकू, म्हणजे गिटार थेट ॲम्पला जोडता येईल. ऑनलाइन मागवला. जाळीदार पिझो वायर (दाबाची वीज करणारी), एंडपिनच्या (गिटारच्या बुडाशी पट्टा अडकवायच्या खुंटीच्या) जागी बसणारा जॅक, प्रीॲम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) त्यातच, ९ व्होल्टची बॅटरी आत. दुकानात दिली असती तर गिटार आठवडाभर अडकली असती, आणि खरं सांगायचं तर स्वतः करायची खाज होती.

काय केलं ते सगळं सांगतो म्हणजे माती कुठे खाल्ली ते कळेल. तारा उतरवल्या, सॅडल काढलं, पावसाने लाकूड फुगलंय त्यामुळे पकडीत कापड धरून ओढावं लागलं. खाचेच्या टोकाला, पहिल्या तारेच्या बाजूने, ३ मिलिमीटरचं भोक खाली सरळ पाडलं, आरसा घालून बघितलं, ब्रेसिंगला (आतल्या आधाराच्या पट्ट्यांना) धक्का नाही. एंडपिनचं भोक १२ मिलिमीटरचं करताना मात्र हात कापायला लागले, ओळखीच्या सुताराने ड्रिल आधी उलटा फिरवून सुरुवात करून दिली म्हणून कडेचं पॉलिश उडालं नाही. जॅक आतून भोकापर्यंत आणण्यात अर्धा तास गेला, शेवटी आईची स्वेटरची जाड सुई बाहेरून घालून साउंडहोलमधून काढली, जॅक तिच्या टोकावर खोचला आणि मागे ओढला. सुई अजून माझ्याकडेच आहे, आईला माहीत नाही. मग वायरच्या जाडीएवढं सॅडल खालून घासलं, नाहीतर तारा वर गेल्या असत्या.

आता प्रॉब्लेम. ॲम्पला लावलं की पहिली तार किंचाळते, चौथी-पाचवी दणदणीत, सहावी ठीकठाक, आणि दुसरी-तिसरी म्हणजे शेजारच्या घरात कोणीतरी वाजवतंय. ॲम्पशिवाय सगळ्या तारा एकसारख्या. नव्या तारा टाकल्या, केबल बदलली, काही फरक नाही. पिकअपच खराब आलाय का? परत करायची मुदत चार दिवस, कार्यक्रमाला अकरा.

प्रतिसाद
स्वस्तातला पिझो घेतला की हेच. डोकं लावू नका, परत करा.

प्रतिसाद
दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली वायरच्या खाली कागदाची घडी सारून बघा. मी तसंच केलंय, दोन वर्षं चालतंय.

प्रतिसाद (साताऱ्याहून)
थांबा थांबा, परत करायची घाई नको. कागदाने भागतं पण कागद दबतो, आणि मुळात रोग काय ते कळत नाही.

पिझोला आवाज कळत नाही, दाब कळतो. तार हलली की सॅडल खाली दाबतं-सोडतं आणि त्याची वीज होते, म्हणजे सॅडलचं बूड जिथे वायरवर टेकलेलंच नाही तिथली तार मुकी. ॲम्पशिवाय फरक कळत नाही कारण तेव्हा लाकूडच बोलतंय.

आधी वायर निर्दोष आहे का बघा. तारा सैल करा, सॅडल काढा, वायर खाचेतच ठेवून ॲम्प अगदी बारीक करा आणि पेन्सिलीच्या खोडरबरवाल्या टोकाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकं ठोकत जा. धप धप सगळीकडे सारखं आलं तर पिकअपला दोष देऊ नका.

माझा संशय दोन ठिकाणी. एक, तुमचं भोक. सरळ खाली पाडलंय म्हणताय, म्हणजे वायर काटकोनात वळतेय आणि वळायच्या आधी खांदा वर काढतेय. पहिली तार किंचाळते ती त्या उंचवट्यावर बसल्यामुळे. दोन, सॅडल हातात धरून घासलं का? तसं घासलं की कडा जास्त झिजतात आणि बुडाला पोट येतं. चौथी-पाचवी दणदणीत म्हणजे पोट तिथे असणार. मधल्या दोघी अधांतरी.

आणि सॅडल पकडीने ओढावं लागतंय हे पण बरं नाही. बोटाने वर-खाली सरकलं पाहिजे, डुगडुगता मात्र कामा नये. खाचेत अडकून बसलं तर दाब खालपर्यंत पोचणार कसा?

धागाकर्ता
दादा, तुम्ही इथे येऊन बघून गेलात का? पेन्सिलीने ठोकलं, सगळीकडे सारखं. मग सॅडलच्या बुडाला स्टीलची पट्टी लावून ट्यूबलाइटसमोर धरलं. चौथ्या-पाचव्या तारेच्या जागी टेकतंय आणि तिथून दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ रुंद होत जाते. सहावीचा आवाजही दबलेलाच आहे, आता नीट ऐकल्यावर कळतंय. हो, हातात धरूनच घासलं होतं, टीव्ही बघत.

भोकाची कड बारीक गोल कानशीने खाचेच्या बाजूने उतरती केली, वायर आता घसरगुंडीसारखी खाली जाते. पण सॅडल परत घासायची हिंमत होत नाहीये. सांगलीत हाडाचं सॅडल कोण नीट घासून देईल?

प्रतिसाद
सांगलीत राहून हाडाचं सॅडल कोण घासून देईल विचारताय? मिरजेला जा की. सतारमेकर गल्लीत घोड्या (सतारीच्या तारा टेकतात त्या) घासण्यातच पिढ्या गेल्या. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा स्टेटस ठेवला असेल ना?

प्रतिसाद (साताऱ्याहून)
जा नक्की. फक्त सांगा की वरून हात लावायचा नाही, फक्त बूड. किती घासलं जातंय बघा, सॅडल १ मिलिमीटर उतरलं तर बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) तार साधारण अर्धा मिलिमीटर खाली येते. तुमची आत्ता किती आहे?

धागाकर्ता
सहावी बाराव्या फ्रेटवर २.५ मिलिमीटर उंच, त्यामुळे थोडी जागा आहे.

आज सकाळी मिरजेला जाऊन आलो. एक चाचा बसले होते, पुढ्यात तंबोऱ्याची घोडी, जवारी (स्वर खुलावा म्हणून घोडीचा माथा घासणं) चालू होती. पिकअप वगैरे सांगायला लागलो तर ऐकेचनात, सॅडल हातातून घेतलं, नखाने बूड चाचपलं आणि म्हणाले, "गोलाई वर पाहिजे, ही खाली कशाला आणलीस?" मी गप्प. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवलेला होता, सॅडल लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून उभं धरलं आणि फक्त एकाच दिशेने ओढायचं, उचलायचं, परत ओढायचं. मधेच बुडावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या, चार हात मारल्यावर मधल्या पुसल्या, कडेच्या तशाच. सगळ्या रेघा एकदम जाईपर्यंत चाललं ते. मग बाजूंनाही दोन-दोन हात मारले, आता खाचेत बोटाने बसतंय. पैसे विचारले तर चहा पाजला.

घरी येऊन लावलं. दुसरी-तिसरी आली!! पहिली अजून किंचित पुढे आहे पण किंचाळत नाही. पट्टी लावली तर उजेड कुठेच नाही. तार २.३ वर आलीय, खडखड नाही.

एकच राहिलं. काल रात्री बॅटरी नवी होती, आज संध्याकाळी आवाज फाटायला लागला. आणि जोरात वाजवलं की आत बॅटरी लटलटते.

प्रतिसाद (साताऱ्याहून)
केबल रात्रभर जॅकमध्ये ठेवली होती ना? प्लग आत गेला की बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, वाजवा नाहीतर झोपा. वाजवून झालं की केबल काढायची.

लटलटीला वेल्क्रो, साउंडहोलमधून हात पोचेल अशा जागी, नेक ब्लॉकजवळ (दांडा आत जोडलेला असतो त्या ठोकळ्याजवळ). चिकटवायच्या आधी आतली धूळ पुसून घ्या नाहीतर कार्यक्रमात सुटेल.

धागाकर्ता
ठेवली होती. उद्या वेल्क्रो आणि दोन बॅटऱ्या आणतो. आईची सुईपण परत ठेवायचीय.