मदत हवी आहे: मूडलवर चाचणी घ्यायची आहे, विद्यापीठात नेमकं कोणाला गाठू?

फळाखडू
नमस्कार मंडळी. मी संख्याशास्त्र शिकवते. या सत्रापासून आमच्या विभागाची अंतर्गत चाचणी मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्यांची प्रणाली) घ्यायचं ठरलं आणि "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना" एवढ्या एका वाक्यावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. मुलं १३०, प्रश्न ३०, वेळ ४५ मिनिटं. हातात तीन आठवडे.

मागच्या महिन्यात १० गुणांची रंगीत तालीम घेतली, तिचा पार बोऱ्या वाजला. सगळ्यांनी एकदम सुरुवात केली आणि पानच उघडेना. सात-आठ जणांचं नेट मध्येच गेलं. त्यांची किती उत्तरं उरली, किती गेली, हे मला आजही कळलेलं नाही. जुन्या फाइलमधून चिकटवलेले मराठी प्रश्न तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन उमटले.

विद्यापीठाच्या संगणक हेल्पडेस्कला मेल केला. उत्तर आलं, "हा अध्यापनाचा विषय आहे," आणि तिकीट (म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद) बंद. अध्यापन केंद्रात गेले, तर "सर्व्हर आमच्याकडे नाही, पुढच्या महिन्यात कार्यशाळा आहे, नाव नोंदवा." पुढच्या महिन्यात चाचणी होऊन गेलेली असेल! दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण मी मधल्यामध्ये लटकले आहे.

शिवाय वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे, ती एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरते. तिला २० मिनिटं जास्त द्यायची आहेत. ती कशी द्यायची? आणि आलेखांवरच्या प्रश्नांचं काय करू?

तिकीटमास्तर
ताई, मी दुसऱ्या एका विद्यापीठात, तुम्ही ज्यांच्यावर वैतागला आहात त्याच खुर्चीत बसतो. :) मेलमध्ये नक्की काय लिहिलं होतंत?

फळाखडू
"मूडलवर परीक्षा घेताना अडचणी येतात, कृपया मार्गदर्शन करावे."

तिकीटमास्तर
तरीच. "मार्गदर्शन" दिसलं की आमच्याकडचा माणूस ते पुढे ढकलतो. (चूक आमचीही आहे, विचारायला हवं होतं.) एका तिकिटात एकच गोष्ट लिहा. पहिलं असं: "अमुक तारखेला ११ वाजता १३० विद्यार्थी एकाच वेळी क्विझ सुरू करतील. कोर्सची लिंक ही. मागच्या चाचणीत ११:०२ ला हा संदेश दिसला, चित्र जोडले आहे. त्या वेळेत बॅकअप किंवा देखभाल ठेवू नये आणि फोनवर कोण असेल ते कळवावे." यात अध्यापनाचं काहीच नाही, त्यामुळे टोलवायला जागा उरत नाही.

सर्व्हरला खरा झटका बसतो तो सुरुवातीच्या मिनिटाला. दोन गट करून दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. क्विझमध्ये 'ग्रूप ओव्हरराइड' असतो, त्यात प्रत्येक गटाची उघडायची आणि बंद व्हायची वेळ वेगळी देता येते. एका पानावर एकच प्रश्न ठेवला असेल तर पाच-पाच ठेवा, पानं कमी वेळा मागवली जातील.

नेट गेलेल्यांचं: मूडल उत्तरं आपोआप जपतं, मूळ सेटिंगमध्ये दर मिनिटाला. म्हणजे फार तर शेवटच्या मिनिटाचं काम जातं. निकालाच्या यादीत त्या मुलाचा प्रयत्न उघडा, प्रत्येक प्रश्नाखाली कुठल्या क्षणी काय नोंदलं गेलं ते दिसेल. घड्याळ मात्र नेट गेलं तरी थांबत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

कोरीपाटी
मराठीच्या खिचडीचं मी सांगते, त्यात माझी दोन वर्षं गेली. तुमची जुनी फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असणार. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की अक्षर गेलं. आधी ती युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) बदलून घ्या, मग डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

३० प्रश्न एकेक करून भरू नका. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत प्रश्न, खाली पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. मूडल या मांडणीला 'एकेन' म्हणतं, अशी फाइल ते एकदम आत घेतं. उत्तराची ओळ इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लागते, आणि फाइल साठवताना 'यूटीएफ-८' हाच युनिकोडचा पर्याय निवडायचा.

विद्यार्थिनीसाठी 'यूजर ओव्हरराइड': तिचं नाव निवडायचं, वेळमर्यादा ६५ मिनिटं. क्विझ बंद व्हायची वेळही तिच्यापुरती पुढे सरकवा, नाहीतर वाढीव मिनिटं कागदावरच राहतात. इथे मी स्वतः फसले आहे.

आलेखांचं उत्तर तुमच्याकडेच आहे. तुम्हाला तपासायचंय काय? वितरण समजलं का, एवढंच असेल तर आयतालेखाऐवजी (हिस्टोग्राम) वारंवारता सारणी द्या, एनव्हीडीए ती रकाने-ओळींनिशी वाचतं. चित्राच्या पर्यायी वर्णनात (चित्राऐवजी एनव्हीडीए जे वाचतं त्यात) "उजवीकडे कललेला" असं लिहिलंत तर उत्तरच सांगितल्यासारखं होईल. अध्यापन केंद्रात नेमकं हेच घेऊन जा. 'मूडल शिकवा' म्हणालात तर कार्यशाळेचं पत्रक हाती पडेल, 'हे चार प्रश्न बघा' म्हणालात तर कोणीतरी शेजारी बसेल.

फळाखडू
दोघांचे मनापासून आभार. तिकीट तसंच्या तसं पाठवलं, दीड तासात फोन आला! त्यांनी सरावासाठी रिकामा कोर्सही उघडून दिला. मंगळवारी केंद्रात चार प्रश्न घेऊन जाते आहे. एक शंका: 'स्विच रोल'ने विद्यार्थी होऊन पाहिलं तर पुरेल ना?

कोरीपाटी
नाही. तुमचं खातं शिक्षकाचंच राहतं, ओव्हरराइड वगैरे खरंखुरं दिसत नाही. हेल्पडेस्ककडून एक चाचणी-विद्यार्थी खातं मागून घ्या. आणि त्या मुलीला सरावाच्या कोर्समध्ये एकदा बसवा, सारणी चालते का ते तीच सांगेल.

तिकीटमास्तर
खात्यासाठी वेगळं तिकीट हं.